बसण्याआधी उतरण्याचा विचार: व्हीलचेअर आणि थीम पार्कच्या राइड

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा. अपघातात पाठीच्या मणक्याला दुखापत झाल्यापासून छातीच्या मध्यापासून खालचा भाग हलत नाही, तिथली संवेदनाही नाही. हात मजबूत आहेत, साधी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरतो. घरचे सगळे थीम पार्कला जाणार आहेत. त्याला कोणत्या राइडवर बसता येईल, खुर्चीतून राइडच्या सीटवर कसं न्यायचं, आणि तिथल्या लोकांनी नाही म्हटलं तर काय करायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. खुर्चीतून पलंगावर, गाडीच्या सीटवर, कमोडवर कसं जायचं हे शिकवणं माझं रोजचं काम. राइडच्या सीटवर जाणं हे त्याच कौशल्याचं पुढचं पाऊल आहे. तिथे मागे रांग उभी असते आणि वेळ कमी मिळतो, एवढाच फरक. म्हणून पहिली विनंती अशी की कोणती राइड सौम्य आणि कोणती भयंकर, या हिशेबाने निवड करू नका. अगदी संथ चालणारी बोट त्याला अशक्य ठरू शकते आणि वेगवान रोलर कोस्टर जमून जाऊ शकते. पाहायचं ते असं: सीटवर जायचं कसं, सीटवर त्याला धरून काय ठेवणार, आणि राइड मध्येच बंद पडली तर त्याला बाहेर कसं काढणार.

बहुतेक घरचे लोक यातल्या पहिल्याच मुद्द्यावर अडकतात, पार्कवाले मात्र शेवटच्या मुद्द्यापासून विचार करतात. रोलर कोस्टर चढणीवर थांबली तर प्रवाशांना रुळांच्या कडेच्या अरुंद जिन्यावरून खाली आणावं लागतं. बंदिस्त, अंधाऱ्या राइडमध्ये बोगद्यातून, कधी ओल्या फरशीवरून चालत बाहेर यावं लागतं. ज्या राइडवर ‘चालता येणं आवश्यक’ अशी अट असते, तिथे बहुतेक वेळा कारण हेच असतं. काही ठिकाणी चालता न येणाऱ्यांना घेतात, पण एका वेळी एकदोघांनाच, कारण गरज पडली तर तेवढ्यांनाच उचलून आणायची सोय असते. त्यामुळे वेगळ्या दाराने आत जाऊनही तुम्हाला बराच वेळ थांबावं लागू शकतं. तेव्हा रागावू नका; आधीचा व्हीलचेअरवाला प्रवासी परत येईपर्यंत ते थांबलेले असतात.

बऱ्याच पार्कच्या संकेतस्थळावर किंवा मदत केंद्रावर अपंग प्रवाशांसाठीची माहितीपुस्तिका असते. ती घरी बसून वाचा, आणि भावाला वाचायला द्या. डिस्नेच्या पार्कमध्ये राइडचं वर्गीकरण सरळ आहे: खुर्चीतच बसून राहता येईल अशा, मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून साध्या व्हीलचेअरवर यावं लागेल अशा, खुर्चीतून राइडच्या सीटवर जावं लागेल अशा, आणि चालता आलंच पाहिजे अशा. तुमच्या पार्कने असं काही छापलं नसेल तरी हेच चार कप्पे डोक्यात ठेवून फोन करा आणि एकेका राइडचं नाव घेऊन विचारा. ‘तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं, आणि त्याचा अर्थ फाटकातून आत येता येतं एवढाच असतो.

सीटच्या उंचीसाठी एक मोजमाप उपयोगी आहे. अमेरिकेत २०१० साली ठरलेले आणि २०१२ पासून नव्या राइडना लागू झालेले सुगम्यतेचे मापदंड आहेत. फिरत्या जत्रांतल्या, लहान मुलांच्या, प्रवाशाने स्वतः चालवायच्या आणि सीटच नसलेल्या अशा काही राइड सोडल्या, तर प्रत्येक नव्या राइडमध्ये खुर्चीसह बसायची जागा, खुर्चीतून सरकता येईल अशी सीट किंवा त्यासाठीचं साधन, यांपैकी एक तरी असावं लागतं. खुर्चीची जागा किमान ७६ बाय १२२ सेंटिमीटर, आणि सरकून बसायची सीट जमिनीपासून साधारण ३६ ते ६१ सेंटिमीटर उंच. कायदा त्या देशाचा असला तरी शरीर सगळीकडे सारखंच. व्हीलचेअरची बैठक गादीसह पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असते. राइडची सीट त्याहून फार खाली असेल तर जाताना सोपं वाटतं, पण परत वर येताना सगळा भार हातांवर येतो. लोक उत्साहात आत उतरतात आणि बाहेर येताना घामाघूम होतात, ते या खोलगट सीटमुळे. बोटींचं तर आणखी अवघड: काठावरून पाय उचलून आत टाकायचे, बोट हलत असते, तळ ओला असतो, आणि परत येताना तोच काठ उलट्या बाजूने चढायचा. म्हणून म्हणते, कोणत्याही सीटकडे बघताना आधी उतरण्याचा विचार करा.

आता धरून ठेवण्याबद्दल. मांडीवर येणारा दांडा, म्हणजे लॅप बार, मांड्या आणि ओटीपोटाच्या आधाराने माणसाला सीटवर ठेवतो. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्कमध्ये युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरून फेकला जाऊन मरण पावला. त्या राइडच्या नियमात दोन्ही पाय असणं आवश्यक होतं, तरी त्याला बसू दिलं गेलं. पाय तोडावे लागलेल्या व्यक्तीला पार्कने अडवलं की मन दुखावतं, ते मी समजू शकते. पण ही अट मांडीचा दांडा कशावर टेकतो याचा हिशेब करून घातलेली असते. कृत्रिम पाय घालून जाणाऱ्यांनीही तो राइडवर ठेवायचा की काढायचा, हे त्या राइडच्या नियमाप्रमाणेच करावं.

तुमच्या भावाचे पाय आहेत, दांडा मांड्यांवर बसेल. त्याची अडचण धडाची आहे. छातीच्या मध्यापासून खालचे स्नायू काम करत नसतील तर अचानक ब्रेक लागल्यावर तो कमरेतून पुढे दुमडेल, आणि वळणावर एका बाजूला कलंडला तर स्वतःहून सरळ होता येणार नाही. तुम्ही-आम्ही नकळत पाय रोवून, पोट घट्ट करून बसतो. त्याला ते सगळं फक्त हातांनी करावं लागतं. म्हणून उंच पाठ, दोन्ही बाजूंना कडा असलेली खोल सीट आणि पकडायला दांडा, अशी राइड त्याला बरी. सपाट बाकासारखी सीट, तीही दोघातिघांना मिळून एकच दांडा असलेली, त्याच्यासाठी वाईट. शेजारी जाडजूड माणूस बसला तर दांडा त्याच्या पोटावर अडतो आणि तुमच्या भावाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. अशा राइडवर त्याच्या शेजारी त्याच्याच अंगकाठीचं कुणी बसवा.

खांद्यांवरून येणारा हार्नेस धड चांगला धरतो, पण त्यातल्या बऱ्याच सीटना दोन मांड्यांमध्ये उंचवटा असतो. पाय आकडून जवळ येत असतील, म्हणजे स्पॅस्टिसिटी असेल, तर जबरदस्तीने फाकवून बसवू नका. पाय लोंबकळत ठेवणाऱ्या राइड मी मणक्याच्या दुखापतीत सहसा नकोच म्हणते. ज्या पायावर ताबा नाही तो वेगात वाटेल तसा फेकला जातो, आणि वेदना कळत नसल्याने काय झालं ते उतरल्यावरही समजत नाही. दीर्घकाळ भार न पडलेल्या पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, पाऊल कुठेतरी अडकून पिळवटणंही पुरतं. ओंडक्याच्या आकाराच्या होड्यांमध्ये बऱ्याचदा मधल्या बाकाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं असतं आणि पाठीला आधार नसतो. त्या दिसायला साध्या, पण धडावर ताबा नसलेल्यांसाठी त्या कठीण.

डॉक्टरांना निघण्याआधी भेटा, आणि प्रश्न नेमका विचारा. ‘थीम पार्कला जाऊ का?’ असं विचारलं तर घाईतले डॉक्टर ‘जा, पण जपून’ म्हणतील. त्याऐवजी विचारा: अचानक ब्रेक, बाजूचा झटका, मानेला हिसका, उलटं टांगलं जाणं, यातलं त्याला काय चालणार नाही? मणक्यात घातलेले रॉड-स्क्रू, हाडांची घनता, डोक्यातली शंट (मेंदूत साचणारं पाणी वाहून नेणारी नळी), पोटात बसवलेला औषधाचा पंप, श्वासनलिकेची किंवा अन्नाची नळी, यांपैकी जे असेल ते समोर ठेवा. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांत सैलपणा असतो. त्यांच्या बाबतीत मानेचा प्रश्न आधी निकालात काढल्याशिवाय झटक्याची कोणतीही राइड नको.

आता प्रत्यक्ष सीटवर नेणं, ज्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या: बहुतेक पार्कमधले कर्मचारी प्रवाशाला उचलत नाहीत. त्यांना तशी परवानगी नसते, आणि प्रशिक्षण नसलेल्या माणसाने उचलूही नये. म्हणजे हे तुम्हालाच करायचं आहे. बरोबर दोन धडधाकट मोठी माणसं हवीत, आणि दोघांनी घरी भावाबरोबर सराव केलेला हवा. सोफ्याच्या कोपऱ्यात, गाडीच्या मागच्या सीटवर, जमिनीवर ठेवलेल्या जाड गादीवर करून बघा. उंच, खोल, अडचणीच्या अशा वेगवेगळ्या जागा.

मोठ्या रोलर कोस्टरच्या प्रवेशाशी बऱ्याच ठिकाणी नमुन्याची सीट ठेवलेली असते. ती असते अंगाने मोठ्या असलेल्यांना आपण मावतो का हे बघता यावं म्हणून, पण तुम्ही तिचा उपयोग ट्रान्सफरच्या तालमीसाठी करा. मागे रांग नाही, गाडी सुटायची घाई नाही. तिथे भावाला बसवा, दांडा किंवा हार्नेस लावून बघा, धड किती स्थिर राहतं ते पाहा, आणि मग परत खुर्चीत आणा. परत आणणं जमलं नाही तर ती राइड सोडून द्या.

त्याचे हात मजबूत आहेत, तेव्हा शक्य असेल तिथे तो स्वतः सरकेल आणि तुम्ही फक्त आधार द्याल, हे उत्तम. खुर्ची सीटला थोडी तिरकी, जितकी जवळ जाईल तितकी लावा. ब्रेक लावा. पायठेवणी बाजूला वळवा, त्या बाजूचा हाताचा आधार काढा. पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळलेली असू द्या, म्हणजे तो पुढे झुकल्यावर खुर्ची तोल सोडत नाही. त्याने आधी गादीच्या पुढच्या कडेला यायचं, मग डोकं एकीकडे झुकवून कंबर उलट दिशेला उचलायची. डोकं जिकडे जातं त्याच्या उलट कंबर जाते, ही युक्ती एकदा अंगवळणी पडली की निम्मं बळ वाचतं. गाडी आणि फलाट यांच्यात फट असते आणि गाडीला बाजूची भिंतही असते, म्हणून सरकायची फळी बरोबर ठेवा, आणि ती दोन्ही टोकांना घट्ट टेकली आहे हे हाताने दाबून पाहा. तो सरकत असताना एक जण फक्त त्याच्या पायांकडे लक्ष ठेवतो, दुसरं काही करत नाही. पाय मागे राहिला तर घोटा पिळवटतो.

उचलायचंच झालं तर एक जण मागून, काखेखालून हात घालून त्याचे स्वतःचे दुमडलेले हात मनगटाजवळ पकडतो, दुसरा गुडघ्यांखालून. आकडा मोजायचा तो भावाने. त्याने ‘तीन’ म्हटलं की उचलायचं. ज्याचं शरीर उचललं जातंय त्याच्या तोंडी आज्ञा असली की तो तयार असतो आणि सगळ्यांच्या हालचाली जुळतात. हात धरून ओढू नका, कधीच नाही. ज्यांच्या खांद्यात ताकद नाही, उदाहरणार्थ स्नायूंचे आजार किंवा मानेच्या मणक्याची दुखापत असलेले, त्यांना काखेतून उचलणंही टाळावं. अशांसाठी हाताच्या मुठी असलेली कापडी झोळी मिळते. ती आधी थेरपिस्टकडून शिकून घ्या.

सीटवर बसल्यावर घाई करू नका, ऑपरेटर वाट बघेल. मांडीखाली मोबाइल, चावी, कपड्याची चुणी, कॅथेटरची (लघवीची) नळी काहीही राहिलेलं नाही ना ते हाताने चाचपा. दोन्ही पावलं सरळ, बूट घट्ट. पायाला बांधलेली लघवीची पिशवी बसण्याआधी रिकामी करा. भरलेल्या पिशवीवर किंवा नळीवर दांडा दाबला गेला तर मूत्राशय तुंबतं. स्वतःचे जादा पट्टे बांधायचे असतील तर ऑपरेटरला विचारा. नाही म्हणाला तर बांधू नका, कारण अडचणीच्या वेळी सोडवणाऱ्याला ते माहीत नसतील.

आणि खुर्ची कुठे जाणार हे विचारा. चढायचा आणि उतरायचा फलाट वेगळा असेल तर ती तिकडे कोण नेणार? काढता येणाऱ्या हाताच्या आधारांना धरून उचलू नका असं सांगा, ते निसटून हातात येतात. इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर मोटर सोडवून ढकलता येते, पण त्या अवस्थेत तिला ब्रेक नसतो. उतारावर ती एकटी सोडली तर चालू लागेल. माझं मत विचाराल तर थीम पार्कसाठी इलेक्ट्रिक खुर्चीवाल्यांनीही शक्य असल्यास एक साधी खुर्ची बरोबर घ्यावी, बसण्याचा आधार आणि गादी मात्र स्वतःचीच.

खुर्चीसह आत घेणाऱ्या राइडवर खुर्ची बऱ्याचदा चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी जमिनीशी बांधली जाते. पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचे, चाकाला किंवा पायठेवणीला नाही. तुमच्या खुर्चीचा कमरेचा पट्टा बसण्याची ढब टिकवण्यासाठी असतो. राइडचा सुरक्षा पट्टा वेगळा, तो लावून घ्या. हलत्या सीटच्या बऱ्याच सिनेमागृहांमध्ये स्थिर जागाही असतात, त्या मागून घ्या.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, वैद्यकीय कागदांवर टी६ किंवा वरचं लिहिलं असेल, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हा शब्द बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. दुखापतीच्या खाली कुठे दाब आला, मूत्राशय तुंबलं, पट्टा रुतला, तर मेंदूला ते कळत नाही पण रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वर घाम फुटतो, नाक चोंदतं. अशा वेळी त्याला ताठ बसवा, झोपवू नका. पट्टे, बूट, कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का पाहा, मूत्राशय रिकामं करा. थोड्या मिनिटांत उतार पडला नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा आणि हाच शब्द सांगा. याच लोकांना दुखापतीच्या खाली घाम येत नाही, म्हणून उन्हात त्यांचं अंग तुमच्यापेक्षा लवकर तापतं. सावली, पाणी, मानेवर ओलं फडकं हे तहान लागण्याची वाट न बघता.

दिवसाची आखणी ट्रान्सफरच्या हिशेबाने करा. एका राइडला दोन ट्रान्सफर लागतात, आणि प्रत्येकीत त्याचे खांदे वापरले जातात. हेच खांदे त्याला उद्या खुर्ची चालवायलाही हवेत. भावाला विचारा, सीटवर सरकून जायच्या राइडपैकी त्याला सगळ्यात जास्त कोणत्या हव्यात. त्या सकाळी, ताजेपणी करा. मधल्या वेळेत खुर्चीसह चालणाऱ्या राइड, गाडी, खेळ बघणं. ओल्या राइड शेवटी, बदलायचे कपडे जवळ ठेवून, कारण ओल्या गादीवर तासन्‌तास बसलं तर त्वचा सोलवटते. आणि त्याला न चालणारी राइड बाकीच्यांनी चोरट्यासारखी करू नये. एक जण त्याच्याबरोबर थांबेल, मग अदलाबदल. सोळा वर्षांच्या मुलाला सगळं घर आपल्यामुळे अडून बसलंय हे पाहणं नको असतं.

नकार मिळाला तर रांगेच्या तोंडाशी वाद घालू नका. मागचे लोक बघत असतात, आणि बिचारा मुलगा त्या नजरांच्या मधोमध असतो. बाजूला या, वरिष्ठांना बोलवा आणि लेखी अट दाखवायला सांगा. अट राइड बनवणाऱ्याची असेल, म्हणजे धड सरळ धरता येणं, एक हात घट्ट पकडता येणं, पाय असणं अशी, तर ती माना आणि माहिती लपवून पुढे जाऊ नका. पण अट कुठेच लिहिलेली नसेल आणि कर्मचारी खुर्ची पाहूनच ‘नको’ म्हणत असेल, तर शांतपणे ठाम राहा. भाऊ काय काय करू शकतो ते त्यानेच सांगू दे. कर्मचारी तुमच्याकडे बघून ‘याला जमेल का?’ असं विचारेल, तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका, भावाकडे वळा. मोठ्या माणसाने एवढं केलं की समोरच्याची पुढची वाक्यं आपोआप त्याच्याकडे वळतात.

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोमध्ये मॉर्गन्स वंडरलँड नावाचा पार्क २०१० मध्ये सुरू झाला. गॉर्डन हार्टमन यांनी तो आपल्या मुलीला समोर ठेवून उभारला. तिथल्या मेरी-गो-राउंडवर व्हीलचेअरसह वर-खाली होणाऱ्या जागा आहेत, खुर्चीसह बसता येणारा झोका आहे. २०१७ मध्ये जोडलेल्या पाण्याच्या पार्कमध्ये दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या दिल्या जातात, त्यामुळे भिजायची भीती नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पार्कच्या अभिप्रायाच्या अर्जात ‘सोय करा’ एवढं लिहून काही होत नाही. कोणत्या राइडवर किती उंचीची पायरी आडवी आली, फट किती होती, कुठे सरकायचा बाक असता तर काम झालं असतं, ते मोजून लिहा. टेप जवळ ठेवा.

रात्री परत आल्यावर, अंथरुणावर पडायच्या आधी, त्याची त्वचा बघा: बसायची हाडं, माकडहाड, मांड्यांवर दांडा टेकलेली जागा, टाचा, घोटे. राइडच्या सीट कडक असतात आणि त्याची गादी तिथे नव्हती. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा रंगावर येत असेल आणि अर्ध्या तासात ओसरत असेल तर ठीक. ओसरली नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही, आणि सकाळी तशीच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात फिरवून गरम, कडक किंवा सुजल्यासारखं लागतं का ते बघा. दोन्ही पाय शेजारी ठेवून एक गुडघा, घोटा किंवा मांडी दुसऱ्यापेक्षा सुजलेली, गरम वाटली, तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढून घ्या.